दिनूमिस्त्रींच्या हाताची परीक्षा

चौगुलेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, डोळे मिटून. मग वाकून एका पायाला बोट लावलं आणि म्हणाले, "ह्यो पाय आऊट हाय. अर्धं सूत." त्यांची मुलगी, माझी मैत्रीण स्वाती, शरमेने लाल झाली. "बाबा, अहो आधी बसा तरी!" मी मात्र मनातून चिडले. टेबल नवं कोरं होतं आणि मी स्वतः, पुस्तिका वाचून, अख्खा रविवार घालवून जोडलं होतं. पाहुणे गेल्यावर मी हट्टाने पट्टी घेऊन जमिनीवर पालथी पडले. पाय आखूडच होता.

मला बरोबर असण्याचा नाद आहे, हे आधीच सांगून टाकते. नोकरीही तसलीच मिळाली. आयर्लंडमध्ये, ॲथलोनमधल्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात मी संख्याशास्त्राचं काम करते. यंत्रातून निघालेला माल नेमका निघाला की नुसता नशिबाने बरा निघाला, हे आकड्यांवरून ठरवायचं. त्यामुळे कोणी मला माझ्याच घरात चूक दाखवली की मला दोन दिवस झोप लागत नाही. काकांनी मात्र त्या चुकीचं भांडवल केलं नाही. पुढच्या खेपेला खिशातून पुठ्ठ्याची एक चकती काढली, पायाखाली सरकवली, टेबलावर तळहात ठेवून दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आता जेवा निवांत."

दिनकर चौगुले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांना सगळे दिनूमिस्त्री म्हणत. पंचेचाळीस वर्षं त्यांनी लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काढली. साखर कारखान्याच्या पंपाचे शाफ्ट, उसाच्या घाण्याचे बुश, कोणाच्या बुलेटचा कसला तरी सुटा भाग, जे येईल ते. मायक्रोमीटर होता, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. स्वतः ते अंगठ्यावर विसंबत. "डोळा फसतोय, माप फसतंय, हात फसत न्हाई," हे त्यांचं वाक्य मी निदान शंभरदा ऐकलं असेल. एरवी असलं काही कानावर आलं की मी लगेच आकडे मागते. पण माझ्या टेबलाचा पाय मध्ये आल्यामुळे गप्प बसायची.

आणि त्या हाताने एकदा त्यांना फसवलं होतं. स्वातीची आई गेली त्या वर्षी. एका जुन्या गिऱ्हाइकाचा जॉब होता, भोक पाडायचं होतं नेमक्या मापाचं, आणि ते मोठं झालं. लोखंड कमी करता येतं, परत चिकटवता येत नाही. गिऱ्हाईक रागावलं नाही. जॉब उचलला, "असू दे की मिस्त्री, वय झालं," म्हणालं आणि पुन्हा कधी आलं नाही. काका मला म्हणाले होते, "आई-भैणीवरनं शिव्या दिल्या असत्या तर पुन्हा करून दिला असता. वय झालं म्हणाला. त्येला काय करायचं?" मग दुसरीही गिऱ्हाइकं पातळ झाली. स्वातीने कागदपत्रं केली आणि वडिलांना आयर्लंडला घेऊन आली. लेथ मात्र त्यांनी विकू दिला नाही. शेजारच्या वर्कशॉपवाल्या पाटलांना किल्ली देऊन आले होते. पाटलांकडे एक गिऱ्हाईक लेथ मागत होतं, स्वाती विकून टाका म्हणत होती, आणि काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "हात मेला असंल तर विकतो. जिता असंल तर परत जाऊन चालवतो. आधी कळू दे."

हे वाक्य मी ऐकलं होतं. एकदा नाही, चांगलं तीन-चारदा ऐकलं होतं. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं.

फासे आले ते शेजारच्या नोएलमुळे. नोएल सत्तरीचा, एकटा जीव. उभं आयुष्य त्याने मोठमोठ्या प्रवासी बोटींवरच्या कॅसिनोत काढलं आणि म्हातारपणी आईच्या रिकाम्या घरात राहायला ॲथलोनला परत आला. काकांना इंग्रजी यथातथा, नोएलचं इंग्रजी मला तरी कुठे धड कळायचं. पण दोघांची मैत्री झाली ती नोएलच्या गवत कापायच्या यंत्रावरून. काकांनी ते उघडून, घासून, पुन्हा जोडून दिलं. बदल्यात नोएलने त्यांना प्रेसमधून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, एक डबी काढून दाखवली. आत लाल काचेसारखे पारदर्शक दोन फासे होते. निवृत्त होताना आठवण म्हणून ठेवलेले.

काकांनी फासे घरी आणले, मायक्रोमीटर काढला आणि सगळ्या बाजू मोजल्या. संध्याकाळी मी स्वातीकडे गेले तर मला दारातच धरलं. "पोरी, बघ बघ, सगळ्या बाजू सारख्या! केसाचा फरक न्हाई. कुणी केलं असंल गं हे? लई मोठा मिस्त्री." फाशांवर ठिपके असतात आणि त्यांनी जुगार खेळतात, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. जुगाराला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता आणि पुढेही लावला नाही, एक पैसा नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणीतरी चेष्टेने "काय शकुनीमामा!" म्हणालं, तर त्यांना राग आला. "शकुनीचं फासं खोटं हुतं. हे मोजल्यालं हायत."

नोएलने त्यांना तो खेळ समजावून सांगितला. क्रॅप्स म्हणतात त्याला. कठडा असलेलं लांबलचक टेबल, दोन फासे. खेळणाऱ्याने एका टोकाला उभं राहून समोरच्या भिंतीकडे फासे टाकायचे. डाव एकदा लागला की दोन्ही मिळून सात आले की संपलं. आणि साताच्या जोड्या सगळ्यात जास्त, सहा वेळा टाकले की सरासरी एकदा सात येणारच. आता नोएलने जाता जाता असंही सांगितलं, की काही खेळाडू फासे विशिष्ट तऱ्हेने धरतात, विशिष्ट तऱ्हेने टाकतात आणि सात टाळता येतो म्हणतात. त्याचे वर्ग चालतात, व्हिडिओ निघतात. स्वातीने बापाला विरंगुळा म्हणून ते व्हिडिओ लावून दिले. झालं.

काकांना त्यात लेथ दिसला. त्यांनी मला गाजरं आणून समजावलं. स्वयंपाकघरात उभं राहून दोन गाजरं आडवी धरली आणि गोल फिरवली. फासा कलंडला नाही, नुसता आडव्या आसावर चाकासारखा फिरत गेला, तर त्याच्या दोन बाजूंचे आकडे वर येऊच शकत नाहीत. एका फाशाच्या बाजूंना एक आणि सहा ठेवायचे, दुसऱ्याच्या बाजूंना दोन आणि पाच. मग सात सहातून एकदा नाही, आठातून एकदा येईल. मी मनातल्या मनात जोड्या मांडल्या. बरोबर होतं! "हे शाफ्टचंच काम हाय गं," काका म्हणाले. "फिरताना डुगडुगता कामा नये. आक्खा जन्म मी दुसरं काय केलं?" आणि मग, गाजरं खाली ठेवून, "हात जिता हाय का मेलाय, ते ह्यात कळंल."

नोएलच्या गॅरेजमध्ये त्यांनी टेबल बांधलं. प्लायवूड, वर कोणीतरी टाकून दिलेला गालिचा, बाजूंना फळ्या. सकाळी स्वाती ऑफिसला गेली की ते गॅरेजमध्ये जायचे, दोन स्वेटर आणि वर जावयाचं जाकीट. फासे बोटांत जुळवायचे, हात पुढे न्यायचा आणि फासे सोडायचे. फेकायचे नाहीत, सोडायचे. "फेकणारा राग काढतोय. सोडणारा काम करतोय." फासे जोडीने जायचे, गालिच्यावर एकदा टेकायचे आणि थोडं पुढे जाऊन निमूट थांबायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बघतच राहिले. नोएल चहाचा मग घेऊन दारात उभा होता. "युअर मॅनचे हात ग्रँड आहेत," तो काकांबद्दल म्हणाला. नोएलच्या तोंडून ग्रँड म्हणजे काहीच नाही, इथे लोक पावसालाही ग्रँड म्हणतात. पण त्या दिवशी त्याने ते मान हलवून म्हटलं.

काकांनी स्वातीकडून आलेखाच्या वह्या मागवल्या. प्रत्येक फेक चौकोनात. सात आला की लाल, नाही तर निळं. तीन हजार फेकी झाल्या तेव्हा वह्या घेऊन आमच्याकडे आले. "तुझं कामच हाय न्हवं हे? सांग, नशीब हाय का हात?"

खरं सांगते, मी हसत हसतच बसले होते. या असल्या गोष्टी मी रोज पाहते. माणूस चार चांगले आकडे लक्षात ठेवतो आणि चाळीस वाईट विसरतो. पण ही वही विसरणाऱ्या माणसाची नव्हती. तीन हजारांत सात साधारण पाचशे वेळा यायला हवेत. आले होते चारशेच्या जरा वर. मी पुन्हा मोजले, मग संगणकावर घातले. नशिबाने एवढा फरक पडत नाही. मी म्हणून गेले, "काका, हात आहे!"

त्यांनी वह्या गोळा केल्या, कडा जुळवून रबर लावलं. तिथूनच पाटलांना फोन लावला. "पाटील, लेथ उघडून बघा, गंज धरला असंल तर तेल घाला. व्हय, मी येतोय. दिवाळी झाली की येतोय." फोन ठेवून मला म्हणाले, "पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो." त्या संध्याकाळी स्वातीचा मला फोन. "काय बोललीस तू बाबांना? ते बॅग काढून बसलेत!" तिला वडील जायला नको होते. आई तिकडे गेली तेव्हा आपण इथे होतो, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

पण दिनूमिस्त्री म्हणजे दिनूमिस्त्री. आठ दिवसांनी त्यांनीच मला गॅरेजमध्ये बोलावलं. "खरं टेबल असंच असतंय न्हवं? ह्या नोएलला विचार. मला त्येचं बोलणं निम्मं कळतंय." मी विचारलं. नोएलने मग हातातला मग खाली ठेवला आणि चांगली पाच मिनिटं बोलला. खऱ्या टेबलाला पलीकडे भिंत असते, फासे तिला लागलेच पाहिजेत, नाहीतर टाकलेले धरतच नाहीत. आणि त्या भिंतीला टोकदार रबर असतं, ओळीने बारीक पिरॅमिड. फासा त्यावर आपटला की कुठल्या कुठे उडतो. "ते मुळी त्याचसाठी लावलंय," नोएल म्हणाला. "कोणाचाही हात चालू नये म्हणून. मी हजारो शहाणे पाहिले, वर्षानुवर्षं पाहिले. त्या भिंतीपुढे एकाचाही हात चाललेला नाही. देवाचाही चालणार नाही. तुझ्या काकांना सांग, नाद सोडा. हात सोन्याचे आहेत, पण ते हे काम नाही."

मी काकांकडे वळून म्हटलं, "नोएल म्हणतोय, समोर भिंत पाहिजे. फासे भिंतीला लागलेच पाहिजेत. आणि भिंतीवर टोकदार रबर असतं."

काका नोएलकडे बघत होते. "एवढंच? लई बोलला की तो."

"एवढंच," मी म्हणाले.

का, ते सांगते. ते काही कपट नव्हतं. आमच्या धंद्यात एक शिस्त असते. ज्याची परीक्षा घ्यायची त्याला निकाल काय यायचा आहे हे आधी सांगायचं नाही. सांगितलं की माणूस नकळत तसाच वागतो, हात आखडतो, प्रयोग बिघडतो. कारखान्यात मी नव्या पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवते. आणि दुसरं, मला स्वतःलाच चैन पडत नव्हती. माझ्या तोंडून "हात आहे" निघून गेलं होतं, भिंतीचा विचार न करता. एवढी मोठी फट राहिली होती माझ्या कामात! ती मला बुजवायची होती. काकांचं काय व्हायचं, लेथचं काय व्हायचं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. डोक्यात फक्त स्वच्छ प्रयोग होता.

रबराची भिंत काकांनी स्वतः केली. विकत मिळत होती, पण म्हणाले, "बघून करतो की." नोएलने फोटो आणि माप दिलं; मी सगळं सांगितलंय आणि तरी काकांना करून बघायचंय, असं तो धरून चालला होता. काकांनी कडक लाकडाच्या फळीवर कानशीने आडव्या-उभ्या खाचा घातल्या, बारीक पिरॅमिड उभे केले, शेकडो. त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढला, त्यात रबर ओतलं. पंधरा दिवस लागले. पट्टी साच्यातून निघाली तेव्हा नोएलने तिच्यावर हात फिरवला आणि "जीझस" म्हणाला. सगळी टोकं एका पातळीत होती. मी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली अंगठे आले. मी मात्र त्या पट्टीकडे पाहिलं ते प्रयोगाचं साहित्य म्हणून.

"किती टाकू?" काकांनी विचारलं.

"सहा हजार. म्हणजे कोणाला शंका नको."

"हात जिता असंल तर दिसंल न्हवं ह्यात?"

"काही असेल तर दिसेल," मी म्हणाले. अगदी त्याच सुरात, ज्या सुरात मी कारखान्यात मीटिंगमध्ये बोलते.

दिवाळी आली, गेली. तिकीट पुढे ढकललं. नोव्हेंबरात इथे चार वाजता अंधारतं, गॅरेजमध्ये हीटर लावूनही बोटं आखडायची. पहिल्या हजारातच वही लाल व्हायला लागली. काकांनी पकड बदलली, उभं राहायची जागा बदलली, नखं कापली, पहाटे उठून कोमट पाण्यात हात धरून बसू लागले. स्वाती म्हणाली, "बाबा, पुरे आता." ते म्हणाले, "अर्ध्यात जॉब टाकत न्हाईत." जेवायचं कमी झालं. एकदा मी गेले तर फासे भिंतीला लागून टेबलाबाहेर उडाले होते आणि काका गुडघ्यांवर बसून गवत कापायच्या यंत्राखाली हात घालून ते शोधत होते. मला म्हणाले, "निघताना बरोबर निघतंय गं. हातातनं निघताना शंभर टक्के बरोबर. तिथं गेलं की काय हुतंय कळंना." तेव्हा सांगायचं होतं. तोंडावर आलं होतं. चार हजार झाले होते, दोनच राहिले होते, आणि मी फासे शोधून त्यांच्या हातात दिले.

सहा हजारांत हजार सात यायला हवेत, कोणीही टाकले, डोळे मिटून टाकले तरी. काकांचे आले एक हजार चार. वह्या आणल्या तेव्हा बेरीज त्यांनीच केलेली होती, पण त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. टेबलाशी समोरासमोर बसलो. स्वातीही होती.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"हाताचा काही परिणाम दिसत नाही, काका. नुसतं नशीब आहे."

आणि मला बरं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. माझी फट बुजली होती.

काका "बरं" म्हणाले. चष्मा पुसला. फासे फडक्याने पुसून डबीत घातले आणि पलीकडे जाऊन नोएलला देऊन आले. परत येऊन उभ्या उभ्याच पाटलांना फोन केला. "लेथ काढून टाका. व्हय, त्येलाच द्या. न्हाई न्हाई, मी काय आता येत न्हाई. हात गेला." स्वातीने माझा हात घट्ट दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. बाबा राहणार होते. दुसऱ्या दिवशी तिने मला डबाभर शिरा पाठवला, वर चिठ्ठी, "तुझ्यामुळे."

लेथ मागणारा गृहस्थ तो चालवायला मागत नव्हता. पाटलांनी फोटो पाठवला तेव्हा कळलं. तुकडे करून भंगाराच्या टेम्पोत भरला होता. जुन्या बनावटीचा, कोण चालवणार? काकांनी फोटो पाहिला आणि फोन स्वातीला परत दिला.

त्यानंतर काकांनी हात वापरणं सोडलं. भांडणतंटा नाही, रुसवा नाही. नुसते बसून राहायचे, खिडकीपाशी, हात मांडीवर. प्रेसचं दार एका बिजागरीवर लोंबकळत होतं, महिनाभर तसंच. नळ गळायला लागला तर स्वातीने प्लंबर बोलावला. तो पोरगेलासा गडी वायसर उलटं बसवत होता आणि काका दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बघत होते. मला राहवलं नाही. "अहो काका, त्याला सांगा की! तुम्हीच करा ना, दोन मिनिटांचं काम आहे."

"न्हाई पोरी. माझा निकाल लागला की. तूच लावलास."

मी म्हटलं, "अहो, तो फाशांचा होता. ती रबराची पट्टी कोणी केली मग? तसली पट्टी मेलेल्या हाताने होते का?"

"ते काय, कानस मारत बसलं की कोणालाबी येतंय," ते म्हणाले. "मोजल्यालं ते खरं. तूच म्हणालीस, असंल तर दिसंल."

तिथेच सगळं सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगायचं म्हणजे मी काय केलं ते सांगायचं. उद्या, पुढच्या आठवड्यात, त्यांची तब्येत बरी झाली की, असं करत मी सव्वा वर्ष काढलं. मला बरोबर असण्याचा नाद आहे म्हटलं ना, त्याची दुसरी बाजू ही. एवढ्या काळात ते वाळत गेले. दम लागायचा. दोनदा दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं थकलीत, आणि चालायला सांगा, काहीतरी करत राहायला सांगा. काहीतरी म्हणजे काय, ते स्वातीने मला विचारलं. नोएल रोज येऊन शेजारी बसायचा. 

ते मार्चमध्ये गेले. त्याच्या तीन आठवडे आधी, एका दुपारी, स्वाती औषधं आणायला गेली होती आणि मी त्यांच्यापाशी बसले होते. त्या दिवशी मी सांगितलं. सगळं सांगितलं. नोएल काय काय बोलला होता ते, शब्दन् शब्द. ती भिंत कोणाचाच हात चालू नये म्हणून असते. त्या भिंतीपुढे जगातल्या कुठल्याही मिस्त्रीचे हजारच सात आले असते. पहिल्या तीन हजारांत भिंत नव्हती, तिथे तुमचा हात दिसला होता, स्वच्छ दिसला होता. दुसरी परीक्षा हाताची नव्हतीच, काका. त्या भिंतीची होती.

ते छताकडे बघत होते. मग मान माझ्याकडे वळवली.

"तुला ठावं हुतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी टाकत हुतो तवा?"

"हो."

"लेथ काढायला सांगितला तवाबी?"

मी होकाराची मान हलवली. रडू यायला लागलं होतं, पण रडायचासुद्धा मला अधिकार नव्हता.

"मग आधी का न्हाई सांगितलंस, पोरी?"

काहीही सांगता आलं असतं. विसरले, कळलं नव्हतं, तुमचं मन मोडवेना. पण ज्या माणसाने उभा जन्म खोटं माप दिलं नाही, त्याला मरताना काय खोटं सांगायचं?

"आधी सांगितलं असतं तर प्रयोग बिघडला असता, काका."

त्यांनी त्यावर विचार केला. एखादा अवघड जॉब समोर आल्यावर करत असतील तसा, सावकाश, सगळ्या बाजूंनी. मग उशीवरच मान हलवली.

"व्हय," ते म्हणाले. "बिघडला असता. ते बी बरोबरच हाय."